बॉनेटवरचा पांढरा डाग: रंग मेलाय की क्लिअर सुटलंय?

लातूर असो, नांदेड असो की संभाजीनगर, दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी बघायला गेलात की बॉनेटवर आणि टपावर पांढरट चट्टे दिसतातच. विकणारा लगेच म्हणतो, "काही नाही भाऊ, रबिंग-पॉलिश मारलं की निघून जातंय." काही गाड्यांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं असतं. काहींच्या बाबतीत साफ थाप असते, आणि बऱ्याचदा विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं. कारण चार पावलांवरून सारखे दिसणारे हे दोन वेगळे आजार आहेत.

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर असतं. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचा सातवा-दहावा हिस्सा. त्यात क्लिअर ४०-५० मायक्रॉनचं. चकाकी त्याची, आणि उन्हाचा मारही आधी तेच खातं. जुन्या गाड्यांच्या साध्या, मेटॅलिक नसलेल्या रंगांवर मात्र बऱ्याचदा वेगळं क्लिअर नसतंच. रंग हाच शेवटचा थर.

पहिला आजार म्हणजे रंग मरणं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो, गाडी दिवसभर दारात उभी, बॉनेटला हात लावायची सोय नाही. ऊन आणि हवेने वरचा थर जळतो, खडूसारखा भुरभुरीत होतो. लाल रंग सगळ्यात आधी गुलाबट पडतो. पण पृष्ठभाग अखंड असतो, फक्त वरची साय खराब झालेली असते.

दुसरा आजार क्लिअर सुटण्याचा. उन्हाने क्लिअर ठिसूळ होतं, बारीक तडकतं, त्यातून पाणी आत शिरतं आणि खालच्या रंगावरची त्याची पकड जाते. मग पापुद्रे निघायला लागतात. वारंवार रबिंग करून आधीच पातळ केलेलं क्लिअर लवकर सुटतं. म्हणजे पहिल्या आजाराचं औषध सारखं देत राहिलं की दुसरा आजार ओढवतो.

ओळखायचं कसं? डागाच्या कडेकडे बघा. मेलेल्या रंगाला ठाम कड नसते, चकाकी हळूहळू विरत जाते. सुटलेल्या क्लिअरची कड नकाशातल्या सीमेसारखी वेडीवाकडी आणि स्पष्ट असते. डोळे मिटून चांगल्या भागाकडून डागाकडे नख हलकेच सरकवा. पायरी उतरल्यासारखं लागलं तर क्लिअर गेलंय. मग डागावर पाणी ओता: मेलेला रंग ओला असेपर्यंत एकदम ताजा दिसतो, सुटलेल्या क्लिअरचा डागही ओल्यात थोडा गडद होतो, पण कड लपत नाही. शेवटी पांढऱ्या फडक्यावर थोडं कंपाउंड, म्हणजे रबिंगची बारीक खरखरीत पेस्ट, घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर तिथे वर क्लिअर नाही. गाडी मेटॅलिक असून रंग लागत असेल तर क्लिअर संपलंय, लगेच थांबा.

बोअरच्या जड पाण्याचे गोल पांढरे ठिपके हा तिसराच प्रकार, क्षारांचा. ताजे असतील तर पातळ व्हिनेगरने पुसले जातात, वर लगेच साधं पाणी मारायचं.

मेलेल्या रंगाला कंपाउंड, पॉलिश, वर वॅक्स. सावलीत, पत्रा गार असताना. वॅक्स काही महिन्यांनी पुन्हा लागतं, नाहीतर मे महिना परत तेच करतो.

सुटलेल्या क्लिअरला पॉलिशचा उपयोग शून्य. उलट मशीनचं पॅड कड उचकटून डाग मोठा करतं. त्यावर नुसता क्लिअरचा स्प्रे मारणं हा लोकांचा आवडता जुगाड. चार दिवस बरं दिसतं, मग जुनी कड नव्या क्लिअरला घेऊन उठते. खरं काम म्हणजे सुटलेलं सगळं काढायचं, वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) कड सपाट करायची, रंग मारायचा आणि पूर्ण पॅनेलवर हार्डनरचं, म्हणजे घट्ट करणारं रसायन मिसळलेलं, क्लिअर. अर्ध्या बॉनेटवर टेप लावून क्लिअर थांबवलं की तीच रेघ पुढे सोलते. हार्डनरची वाफ फुफ्फुसाला वाईट, त्यामुळे हे अंगणात रुमाल बांधून करायचं काम नव्हे. पैसे जमेपर्यंत डाग तसाच राहू द्या. खालचा रंग शाबूत असेल तर पत्रा लगेच गंजत नाही.

फक्त एकाच दरवाजाचा रंग प्रायमर किंवा लांबीसकट (पोचे भरायची पुट्टी) ढलपीने निघत असेल, तर उन्हाला दोष देऊ नका. ती गाडी कुठेतरी ठोकलेली आहे आणि रंगकाम घाईत झालंय. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. लांबी जाड असेल तिथे पकड ढिली पडते. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र हा प्रयोग करू नका. रंगाखाली फुगा दिसला तर गंज समजा, विशेषतः समुद्राकाठच्या गावावरून आलेल्या गाडीत.

गाडी दुपारी, धुऊन सुकवल्यावर बघा. संध्याकाळी नुकतं चकचकीत वॅक्स मारून दाखवलेल्या गाडीवर मेलेला रंग दिसत नाही, तो दोन-चार धुण्यांनंतर घरी दिसतो. क्लिअर सुटलेलं असेल तर बॉनेट आणि टप दोन्हींच्या रंगकामाचा भाव आधी आपल्या पेंटरला विचारा आणि तेवढे किमतीतून वजा करायला सांगा. नुसता रंग मेला असेल तर पॉलिशपुरतीच घासाघीस करा. इंजिन चांगलं असेल तर अशी गाडी सोडू नये.