अंधार डोळ्यांत मुरेपर्यंत

जुलैतली रात्र. वनखात्याची परवानगी काढून आम्ही चौघं गोव्यातल्या मोलेच्या रानात उभे होतो. पाऊस नुकताच थांबला होता, पायमोज्यांवर जळवा चढत होत्या. वाटाड्यानं बॅटऱ्या बंद करायला लावल्या. पाच मिनिटं गेली, काहीच दिसेना. भाचा कुजबुजला, "मामा, आपल्याला फसवलं तर नाही ना?"

त्याचा दोष नव्हता. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यातल्या दंडपेशींमधलं, मंद उजेड टिपणारं रोडॉप्सिन हे रंगद्रव्य भरून यायला २० ते ३० मिनिटं लागतात. इतका वेळ नुसतं उभं राहिल्याला किती वर्षं झाली, मला आठवेना.

मग पायाशी पडलेली एक कुजकी काटकी उजळून उमटली. तिच्याशेजारी दुसरी. हळूहळू सगळा उतार, रांगोळी सांडावी तसा.

काटक्यांवर चमकत होती ती मायसिना प्रकारातली बुरशी. कॅफीक आम्लापासून (हो, कॉफीत असतं तेच) ती ल्युसिफेरिन हे प्रकाश देणारं रसायन बनवते आणि त्याचा ऑक्सिजनशी संयोग होताना हिरवा, थंड प्रकाश पडतो. काजव्याचं रसायन निराळं. बुरशीची ही साखळी २०१८ साली पूर्ण उलगडली. २०२० मध्ये तिची जनुकं घालून तंबाखूचं रोपही उजळवलं गेलं.

भाच्याच्या फोटोत काटकी हिरवीगार आली. डोळ्यांना मात्र ती पांढुरकी दिसत होती, कारण इतक्या मंद उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी कामाच्या नसतात आणि दंडपेशींना रंग कळत नाहीत. इंटरनेटवरचे फोटो बघून गेलेला मी आधी खट्टूच झालो. नंतर तोच पांढुरका रंग डोक्यातून जाईना.

विस्मयाला दोन गोष्टी लागतात, असं मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी २००३ मध्ये मांडलं: समोरचं अफाट वाटणं आणि ते सामावायला डोक्यातली चौकट बदलावी लागणं. आपण पहिलीच धरून दूधसागर गाठतो. मला विचाराल तर पन्नाशीत दुसरी जास्त कामाची. तिला बोटभर काटकीही पुरते. २०२० च्या एका अभ्यासात ज्येष्ठांना आठ आठवडे, आठवड्यातून १५ मिनिटं, काहीतरी नवं न्याहाळत चालायला सांगितलं होतं. सोबत सेल्फीही काढायचे. दिवस गेले तसा सेल्फीत त्यांचा स्वतःचा आकार लहान होत गेला, हसू मात्र रुंदावलं.

परतायच्या बेतात असताना माझ्या फोनचा पडदा उजळला. बँकेचा मेसेज. उतार पुन्हा काळाठिक्कर. "आता अजून वीस मिनिटं," वाटाड्या म्हणाला आणि एका दगडावर बसला.