तण आणि खत यांची सांगड (सेंद्रिय भाजीपाला)

सेंद्रिय भाजीपाल्यात तण दडपणे आणि पिकाला अन्न देणे ही दोन्ही कामे एकाच साधनाने करण्याची रीत. ‘तण खाई धन’ ही म्हण तणनाशक न वापरणाऱ्याला जास्त झोंबते. वाफाभर विस्कटलेले खत पिकाआधी तणच खाते. अर्धकच्च्या शेणखतात तर गुरांच्या पोटातून सहीसलामत आलेले तणाचे बीही असते. अशी गाडी वाफ्यात रिकामी करणे म्हणजे पैसे मोजून तण पेरणे.

या विचाराची एक मोठी प्रयोगशाळा इंदूरला होती. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात तेथील वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते. त्यांनी व यशवंत वाड यांनी १९३१ साली मांडलेल्या, कंपोस्ट खत करण्याच्या ‘इंदूर पद्धती’त तण, काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचतात व सुमारे तीन महिन्यांत ढीग तीनदा परततात. ढीग ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की तणाचे बहुतेक बी मरते. कडेचा थंड भाग मात्र परतताना आत गेला पाहिजे. हे काम अंगावर येते म्हणून टाळले, की पुढच्या पावसात वाफा हिरवागार होतो, पण भाजीने नव्हे. हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी ढिगात घालण्याआधी उन्हात खडखडीत वाळवाव्यात.

इंदूर ज्या माळवा प्रांतात आहे, तिथल्या काळ्या मातीत पावसाळ्यात वाफसा (मशागतीजोगी ओल) लवकर येत नाही, खुरपणी खोळंबते. तिथे आच्छादन कामी येते. टोमॅटो-वांग्याच्या खड्ड्यात ओंजळभर कंपोस्ट, वर सोयाबीनच्या कुटाराचा (भुसकटाचा) किंवा गव्हाच्या काडाचा चार बोटे थर, खोडापासून जरा दूर. उजेड न मिळाल्याने तण खुरटते, खालचा थर कुजत राहतो. हेच काड मातीत मिसळले तर कुजवणारे जीवाणू नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात.

चंबळ नदीच्या खोऱ्याकडे भरपूर होणाऱ्या मोहरीची पेंड नत्र देते, शिवाय ओलीत तिच्यातून सुटणारी तिखट द्रव्ये उगवते बी दाबतात. त्यांना तण आणि मेथी यांतला फरक कळत नाही, म्हणून पेंड मिसळल्यावर दोनेक आठवड्यांनी रोपलागण करावी. बी लगेच टोकू नये. मक्याच्या ग्लुटेनचेही (मक्यातून स्टार्च काढल्यावर उरणाऱ्या प्रथिनयुक्त पुडीचेही) तसेच: नत्र सुमारे १० टक्के, उगवणाऱ्या बियांच्या मुळ्या रोखते, उगवून आलेल्या तणाला उलट पोसते. लव्हाळ्याची टोकदार पाती मात्र काडाचा थर भेदून वर येतात. तिथे खुरपेच लागते.