कार्बन डायऑक्साइडवर चालणारी भूऔष्णिक ऊर्जा

जमिनीखालच्या तापलेल्या खडकातली उष्णता पाण्याऐवजी दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने वर आणून तिच्यापासून वीज किंवा उपयोगी उष्णता मिळवण्याची पद्धत. ही कल्पना २००० साली डोनाल्ड ब्राउन यांनी अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतून मांडली. तेव्हा कृत्रिम रीत्या भेगा पाडलेला खडक डोळ्यांसमोर होता. २०११ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील जिमी रँडॉल्फ आणि मार्टिन सार यांनी ती खाऱ्या पाण्याने भरलेल्या सच्छिद्र गाळखडकांसाठी मांडली. हवामानबदल रोखायला हा वायू जमिनीखाली कायमचा पुरायचाच आहे, तर पुरताना त्याच्याकडून काम का करून घेऊ नये, हा त्यामागचा रास्त विचार.

३१° से. तापमान आणि ७३.८ बार दाब यांच्या पलीकडे हा वायू अतिक्रांतिक अवस्थेत जातो. तेव्हा त्याची घनता द्रवाच्या जवळ जाते, पण तो वाहतो मात्र पाण्यापेक्षा कितीतरी सहज. त्याची उष्णताधारकता पाण्याच्या निम्म्याहून कमी असते. ही उणीव त्याच्या प्रवाहीपणाने बरीच भरून निघते, विशेषतः जिथे खडकातून पाणी कष्टाने झिरपते तिथे. दुसरा फायदा मोठा आहे. खाली जाणारा थंड वायू जड असतो आणि वर येणारा गरम वायू हलका. दोन्ही स्तंभांच्या सरासरी घनतेत दर घनमीटरला १५० किग्रॅ. फरक पडला, तर अडीच किमी. खोलीवर सुमारे ३७ बार दाब आपोआप मिळतो. अभिसरणासाठी, म्हणजे वायू फिरता ठेवण्यासाठी, पंपावर होणारा खर्च त्यामुळे वाचतो.

निष्कासन विहिरीतून (गरम वायू वर आणणाऱ्या) आलेला वायू आधी विभाजकातून जातो. तिथे पाणी आणि रेती वेगळी होते. मग टर्बाइन, शीतक, गरज पडल्यास पंप, आणि पुन्हा अंतःक्षेपण विहीर (थंड वायू खाली सोडणारी). वायूत पाणी फार असेल तर तो टर्बाइनमध्ये न घालता उष्णता-विनिमयकातून नेऊन टर्बाइन फिरवणारा दुसरा द्रव (कार्यद्रव) तापवतात.

सुरुवातीचा काळ सर्वांत नाजूक. वायूने खडकातले खारे पाणी हटवून स्वतःची सलग जागा करेपर्यंत लक्षावधी टन वायू आणि काही वर्षे जातात. तोवर विहिरीतून पाणी आणि वायू मिसळून येतात. पाणी नळीत साचले की स्तंभ जड होतो आणि अभिसरण अडखळते, कधी बंदच पडते. घाईने उत्पादन सुरू केले की हेच होते.

कोरडा वायू अंतःक्षेपण विहिरीच्या तळाशी खडकातले पाणी शोषून घेतो. मागे उरलेले मीठ छिद्रे बुजवते. त्यावर अधूनमधून गोड्या पाण्याचा मारा करावा लागतो. ओल्या वायूत कार्बॉनिक आम्ल तयार होऊन साधे पोलाद खाल्ले जाते, आणि नळीभोवतीचे साधे सिमेंटही कमकुवत होते. रबरी सीलमध्ये वायू मुरतो. दाब झटकन उतरवला तर तो आतल्या आत फुगून सील फाटते, म्हणून दाब टप्प्याटप्प्यानेच उतरवायचा. ५.२ बारखाली वायू मोकळा सोडला तर झडपेत शुष्क बर्फ जमून ती तुंबते.

मुंबईत ही पद्धत लावायची तर पहिली अडचण जमिनीवरची आहे. शीतकाला समुद्राचे पाणी वापरले, तरी उन्हाळ्यात ते २९-३०° से. असते, म्हणजे वायू फार तर ३५° से.पर्यंत थंड होणार. या तापमानाला तो द्रवरूप होतच नाही. शिवाय ३५° से.ला ८० बार दाबाखाली त्याची घनता घनमीटरला सुमारे ४२० किग्रॅ. असते, ९० बारला ती ६६० होते. त्यामुळे शीतकाचा दाब थोडा कमी पडला तरी वर सांगितलेला फुकटचा दाब निसटतो. १००° से. स्रोत आणि ३५° से. शीतक यांच्यामध्ये सैद्धांतिक कमाल कार्यक्षमताच साधारण १७ टक्के. प्रत्यक्षात तिच्या निम्मीही मिळवणे अवघड.

दुसरी अडचण खडकाची. शहराखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. तानसाकाठच्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या कुंडांपासून रत्नागिरीतल्या तुरळपर्यंत गरम झऱ्यांची रांग आहे. खाली उष्णता आहे याची ती खूण. पण बेसाल्टमधले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात विरघळलेल्या वायूशी संयोग पावून कार्बोनेट बनतात. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात अंतःक्षेपित वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत असा दगड झाला. साठवणीला हे उत्तम, अभिसरणाला मारक, कारण वाटाच बुजतात. त्यामुळे फिरता वायू हवा असेल तर सच्छिद्र गाळखडक आणि त्यावर अभेद्य आच्छादन पाहिजे. मुंबईपुरता विचार किनाऱ्यापासून दूर, समुद्राखालच्या गाळखोऱ्याकडेच वळतो. वायूचा स्रोत मात्र दारात आहे: अमोनिया बनवताना तो जवळजवळ शुद्ध वेगळा निघतो, आणि चेंबूरमध्ये खतकारखाना आहे.

मिळालेली उष्णता विजेत बदलण्यापेक्षा थेट वापरणे इथे अधिक शहाणपणाचे. घरे तापवायची गरज मुंबईला नाही, गारव्याची बारा महिने आहे. लिथियम ब्रोमाइडचा एकपदरी शोषण-शीतक, म्हणजे विजेऐवजी उष्णतेवर चालणारे गारव्याचे यंत्र, ८०-९५° से. पाण्यावर चालतो आणि दिलेल्या उष्णतेच्या सुमारे ०.७ पट गारवा देतो. रुग्णालये आणि हॉटेलांना तो थेट पुरवता येतो.

गळतीची खबरदारी दाट वस्तीत अधिक कडक हवी. वायू हवेच्या दीडपट जड असल्याने तळघरात, गटारात, नाल्यात साचतो. चार टक्के प्रमाणसुद्धा जीवाला तात्काळ धोक्याचे मानतात. म्हणून मापकयंत्रे छताशी नव्हे, जमिनीलगत बसवायची, आणि विहिरीचे तोंड सखल भागात ठेवायचे नाही.