कुलमंडळांचे कार्यकर्ते, पुणे

एक आडनाव, एक गोत्र व एक कुलदैवत असलेल्या घराण्यांनी मिळून चालवलेल्या संस्थेला कुलमंडळ म्हणतात. कुळाची वंशावळ जुळवणे, ती कुलवृत्तांत म्हणून छापणे, वीस-पंचवीस वर्षांनी तिची सुधारलेली आवृत्ती काढणे, कुलसंमेलन भरवणे आणि कुळातल्या गरजू मुलांच्या शिक्षणाला हातभार लावणे, ही मंडळाची नेहमीची कामे. पुण्यात अशी मंडळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहेत. त्यांतली पुष्कळशी कोकणस्थ घराण्यांची असली, तरी देशस्थ, कायस्थ प्रभू, मराठा आदी समाजांतही हे काम चालते. ही सारी कामे बिनपगारी माणसे करतात. कुलवृत्तांत ग्रंथालयात सापडतो, पण तो सिद्ध करणाऱ्याचे नाव बहुधा प्रस्तावनेच्या शेवटच्या पानावर, आभारांच्या गर्दीत असते. ही नोंद मुख्यतः त्या माणसांविषयी आहे.

हे काम पुण्यात रुजले याचे पहिले कारण कागद. पेशवाईचे दफ्तर इथे आहे. 1891 मध्ये बांधून झालेल्या दगडी इमारतीत, म्हणजे आजच्या पुणे पुराभिलेखागारात, मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ठेवलेले आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी 1910 मध्ये स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. घरोघरचे कागद गोळा करून त्यांची नक्कल करणे, ते वाचणे आणि छापणे ही राजवाड्यांनी घालून दिलेली रीत कुलवृत्तांताच्या संपादकांनी आपापल्या कुवतीप्रमाणे उचलली. दुसरे कारण माणसे. पेशव्यांच्या पाठोपाठ कोकणातली घराणी घाट चढून आली, नंतर नोकरी-शिक्षणासाठी आली, आणि 1948 च्या जाळपोळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांतली अनेक ब्राह्मण कुटुंबे शहराकडे सरकली. शिवाय पुणे हे पेन्शनरांचे गाव. बँकेतून, टपाल खात्यातून, शाळेतून निवृत्त झालेला, हिशेबाला चोख, हस्ताक्षर बरे आणि दुपारी मोकळा असा माणूस इथे मुबलक मिळतो. कुलमंडळाला नेमका असाच माणूस लागतो.

घटनेप्रमाणे मंडळाला अध्यक्ष, कार्याध्यक्ष, कार्यवाह, सहकार्यवाह, खजिनदार आणि पाच-सात सदस्य असतात. प्रत्यक्षात मंडळ म्हणजे कार्यवाह. अध्यक्षपद कुळातल्या एखाद्या नामवंताला, डॉक्टरला किंवा उद्योजकाला मानाने दिले जाते. त्याचे काम संमेलनात भाषण करणे आणि कागद महागला की चेक लिहिणे. पत्रव्यवहार, माहितीपत्रके, मुद्रितशोधन, कार्यालयाचे बुकिंग, नाराज झालेल्या काकांची समजूत, हे सगळे कार्यवाहाकडे. मंडळाचे ‘कार्यालय’ बहुधा त्याच्याच घरातला एक लाकडी पलंग असतो : खाली फायलींचे गठ्ठे, वर माणसे बसतात. निवडणूक तीन किंवा पाच वर्षांनी होते, पण प्रतिस्पर्धी उमेदवार क्वचितच उभा राहतो, आणि एकाच माणसाने ते पद दोन-दोन दशके सांभाळणे यात कुणाला नवल वाटत नाही. हे प्रेमाचे लक्षण आहे तसे धोक्याचेही. कोणत्या घराण्याची माहिती कोणाकडून आली, कोणत्या पिढीविषयी शंका आहे आणि ती पिढी तरीही का छापली, हे कागदावर कमी आणि कार्यवाहाच्या डोक्यात जास्त असते.

माहिती जुळवण्याची पद्धत सर्वत्र साधारण सारखी आहे. कुळाची घराणी मूळ गावावरून किंवा क्रमांकाने ओळखली जातात. प्रत्येक घराण्याला एक मूळपुरुष धरतात आणि त्याच्यापासून पिढ्या मोजतात. मोठ्या कुळात प्रत्येक घराण्यासाठी एक घराणेप्रमुख नेमून त्याच्यामार्फत माहितीपत्रके भरून घेतली जातात : जन्म, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचे सासरचे व माहेरचे नाव, अपत्ये, पत्ता. पत्रके जाताना शेकड्यांनी जातात आणि परत येताना मूठभर येतात. मग कार्यकर्ता लग्नामुंजीत खिशात कोरे फॉर्म घेऊन फिरतो. पंगतीत शेजारी बसून त्याने पणजोबांचे नाव विचारले, की तरुण मंडळी उठून जातात आणि आजीबाई बोलू लागतात. अनुभवी कार्यकर्ते आजीबाईंनाच आधी गाठतात. सुनांना सासरच्या शाखा मुलांपेक्षा पक्क्या पाठ असतात, कारण श्राद्धपक्षाला कोणाकोणाचे पान वाढायचे हे त्यांनाच लक्षात ठेवावे लागलेले असते.

खरी गुंतागुंत नावांची. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे तीच दोन नावे आलटून-पालटून येतात. पेशव्यांचेच घराणे पाहावे : बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, पहिल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव, आणि माधवराव दोन झाले म्हणून धाकट्याला ‘सवाई’ म्हणावे लागले. पेशव्यांचे सारे आयुष्य कागदांवर नोंदलेले असल्याने तिथे घोटाळा होत नाही. एखाद्या भिक्षुकाच्या किंवा शेतकऱ्याच्या घरात मात्र दोन गणेश महादेव साठ वर्षांच्या अंतराने झाले, की हौशी संपादक त्यांना एकच समजतो आणि दोन पिढ्या गडप होतात. आडनावेही स्थिर नाहीत. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट, नाना फडणीस मूळचे भानू. इचलकरंजीचे घोरपडे मूळचे जोशी. नारो महादेवाने धनी संताजी घोरपडे यांच्याविषयीच्या कृतज्ञतेने त्यांचे आडनाव घेतले. हुद्द्यावरून, गावावरून, धंद्यावरून आडनाव बदललेली घराणी हुडकणे हा कार्यकर्त्यांचा आवडता उद्योग असतो आणि भांडणाचाही. आपण अमुक सरदाराचे वंशज, असे आजोबांनी सांगितले होते एवढ्या आधारावर दावा करणारा कुलबंधू प्रत्येक मंडळाला भेटतो. चांगला संपादक त्याला नाही म्हणत नाही; दत्तपत्र, सनद किंवा निदान एखादे जुने पत्र आणा, असे नम्रपणे सांगतो.

कागद आणले तरी ते वाचायला मोडी यावी लागते. सरकारी शाळांतून मोडी विसाव्या शतकाच्या मध्यास गेली आणि पन्नास-साठ वर्षांत घरातले दस्तऐवज घरातल्यांनाच परके झाले. भारत इतिहास संशोधक मंडळात आणि शहरात इतरत्र मोडीचे वर्ग भरतात. तिथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांबरोबर कुलमंडळांचे लोकही बसतात. अक्षर लागले तरी काळ लागतोच असे नाही. ‘सबा सबैन मया व अलफ’ हे शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिले जाणारे साल, 1177 झाले. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1776 येते. पण हे साल मृग नक्षत्राला सुरू होते, त्यामुळे कागद पौषातला असेल तर 1777 निघायचे. फसली या महसुली सालाचा फरक वेगळा, शालिवाहन शकाचा 78 किंवा 79. जंत्री, म्हणजे कालगणनांचा मेळ घालणारे कोष्टक, घेऊन बसणारा एक जरी माणूस मंडळात असला तरी आवृत्तीचा दर्जा बदलतो.

वंशावळींचा एक मोठा साठा तंट्यांनी निर्माण केला आहे. वतनाचा वाद उभा राहिला की पक्षकार आपली करीना, म्हणजे हक्काची लेखी हकिकत, मांडत आणि त्यात पिढ्या सांगाव्या लागत. 1852 च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने इनामदारांकडे हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा पुन्हा वंशावळी लिहिल्या गेल्या. जमीन वाचवण्यासाठी सांगितलेली वंशावळ सोयीची असू शकते, निपुत्रिक भाऊ त्यातून गळलेला असू शकतो, एवढे ध्यानात ठेवून ती वापरावी लागते. दुसरा आधार तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, काशी येथे यात्रेला गेलेल्या पूर्वजाने स्वहस्ते केलेली नोंद सापडली, तर तिच्याइतका भक्कम पुरावा नाही; तिथे खोटे लिहिण्याचे कारण नसते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगत. पुण्यातले घरगुती कागद मात्र 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात फार गेले. नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांत तळमजल्यावर ठेवलेली दफ्तरे चिखलात लगदा झाली. नंतर वाडे पाडून इमारती उठल्या तेव्हा माळ्यावरचे उरलेसुरले रद्दीत गेले. कुठला वाडा पडणार आहे यावर लक्ष ठेवून आधी जाऊन पेट्या मागून आणणारे कार्यकर्ते होते म्हणून काही वाचले.

छापायचे काय, हा संपादनातला सर्वांत अवघड भाग. दत्तक गेलेला मुलगा जनक घराण्यात दाखवायचा की दत्तक घराण्यात, याचे उत्तर रूढ आहे : दोन्हीकडे, एका ठिकाणी फक्त उल्लेखापुरता. स्त्रियांबाबत असे सोपे उत्तर नव्हते. जुन्या आवृत्त्यांत मुलीचे नाव, तिचे सासर, आणि तिथे रेघ संपते. काही वृत्तांतांत तर ‘दोन कन्या’ एवढेच. विधवेचा पुनर्विवाह, आंतरजातीय विवाह, घटस्फोट यांवर मौन पाळले जाई. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या काळात माणसालाच वाळीत टाकत, त्या काळात कागदावरून नाव वगळणे ही किरकोळ गोष्ट होती. अलीकडच्या आवृत्त्या मुलींची अपत्ये देतात, काही मुलींच्या वंशाला स्वतंत्र शाखेसारखी जागा देतात. हा बदल आपोआप झालेला नाही. संपादक मंडळावर स्त्रिया आल्या आणि त्यांनी तो भांडून घडवला. कुलमंडळांच्या इतिहासात याहून महत्त्वाचे दुसरे काही घडलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. वगळण्याचा आग्रह अजूनही होतो : एखाद्याला पहिल्या लग्नाचा उल्लेख नको असतो, एखाद्याला भावाचा. जिवंत व्यक्तीची जन्मतारीख आणि पत्ता पुस्तकात द्यावा की नाही, हा प्रश्न 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या आधीपासूनच कार्यकर्त्यांना पडत होता. आता पुष्कळजण फक्त जन्मवर्ष घेतात.

पैशाचे गणित थोडक्यात सांगता येते. आजीव सभासदांची वर्गणी, प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ विक्री, संमेलनातल्या देणग्या आणि ठेवींवरचे व्याज एवढेच उत्पन्न. नोंदणी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली व 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली होते, दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, आणि पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज करावा लागतो. हा अर्ज राहून जाणे हे पुण्यातल्या छोट्या संस्थांचे जुने दुखणे. धर्मादाय कचेरीतल्या नोंदीच्या परिशिष्टावर दिवंगत विश्वस्तांचीच नावे राहतात आणि बँक नव्या खजिनदाराची सही मानत नाही.

दफ्तरांना सर्वजण सारखे आठवत नाहीत. ज्याच्याकडे जमीन, वतन किंवा पद होते त्याची वंशावळ सापडते. बलुतेदार, अलुतेदार आणि दलित घराण्यांची सापडली तर तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, शाळेच्या रजिस्टरात, कोतवाल बुकात (गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत) किंवा लष्करी नोकरीच्या कागदात. गंमत अशी, की आज वंशावळीची सर्वांत तातडीची गरज याच घरांना आहे. जात पडताळणीसाठी अर्जदाराला वंशावळ शपथेवर द्यावी लागते आणि ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा जोडावा लागतो : अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. तोवर हौसेखातर शिकलेले मोडी वाचक तहसील कचेऱ्यांतल्या जुन्या नोंदींपुढे बसले. इथे चुकीचा परिणाम वेगळा असतो. कुलवृत्तांतात एक पिढी चुकली तर पुढच्या आवृत्तीत शुद्धिपत्र निघते; पडताळणीत चुकली तर मुलाचा प्रवेश जातो.

संगणकाने छपाईचा खर्च आणि सूचीचे काम हलके केले, कार्यवाहाची वानवा मात्र तशीच राहिली. व्हॉट्सॲपच्या गटात चारशे कुलबंधू असतात, सकाळी सुविचार येतात, फॉर्म भरा म्हटले की शांतता. परदेशी गेलेली पिढी वर्गणी बिनतक्रार पाठवते आणि आडनावाचा उगम विचारते, पण पुराभिलेखागारात जाऊन रुमाल मागायला इथलाच माणूस लागतो. काही मंडळांनी संपादनासाठी तरुणांची जोडी नेमून प्रत्येक नोंदीपुढे माहिती कोणाकडून आली हे लिहिण्याची शिस्त लावली आहे, आणि भरलेली माहितीपत्रके आवृत्ती निघाल्यावर टाकून न देता स्कॅन करून ठेवली आहेत. इतरत्र कार्यवाह गेल्यावर त्याची सून पलंगाखालच्या फायलींविषयी चौकशी करते, चार फोन होतात, आणि कुणाच्या घरी जागा आहे यावर त्या कुठे जातील ते ठरते.