मांजरांचे आजार : निदान व उपचार

पाळीव मांजराचे संसर्गजन्य, परोपजीवीजन्य, विषबाधेचे आणि मूत्रपिंड, यकृत इत्यादी अवयवांचे विकार ओळखून त्यांवर उपचार करणे हा लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकाचा भाग आहे. ग्रामीण विदर्भात मांजर मुख्यतः धान्याची कोठी, सोयाबीनची पोती आणि घरात साठवलेला कापूस उंदरांपासून राखण्यासाठी पाळले जाते. ते घरात जेवते, गोठ्यात झोपते आणि रात्री शेतशिवारात हिंडते. त्यामुळे फवारणीची औषधे, उंदरांसाठी ठेवलेले विष, साप आणि बोक्यांच्या भांडणातील जखमा यांचा धोका त्याला शहरातील बंद घरात वाढलेल्या मांजरापेक्षा कितीतरी अधिक असतो.

पशुसंवर्धन विभागाचे गावपातळीवरील दवाखाने गाय, बैल, म्हैस व शेळी यांना समोर ठेवून उभारलेले आहेत. श्रेणी-१ चा दवाखाना साधारणपणे पदवीधर पशुधन विकास अधिकाऱ्याकडे आणि श्रेणी-२ चा पशुधन पर्यवेक्षकाकडे असतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. गुंतागुंतीच्या रुग्णाला जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात, १९५८ साली सुरू झालेल्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत न्यावे लागते. गडचिरोली किंवा मेळघाटातून हे अंतर मोठे पडते. म्हणून आजार लवकर ओळखणे हे येथे उपचाराइतकेच महत्त्वाचे ठरते, आणि ते काम प्रथम घरच्या माणसांनाच करावे लागते.

मांजर दुखणे लपवते. आजारी गाय रवंथ थांबवते व दूध कमी देते, हे धन्याला त्याच दिवशी कळते. मांजर मात्र माळ्यावर किंवा कुटाराच्या ढिगाआड जाऊन बसते आणि ते हिंडायला गेले असेल, असे समजून एक-दोन दिवस निघून जातात. अंग चाटणे थांबून केस राठ होणे, नेहमीच्या वेळी जेवायला न येणे, पाठ आखडून बसणे, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील पांढरा पडदा वर आलेला दिसणे, ही सुरुवातीची लक्षणे होत. निरोगी मांजराचे तापमान सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाला ताप वाटेल तो आकडा मांजरात स्वाभाविक असतो. झोपेतील श्वास मिनिटाला ३० पेक्षा कमी असतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जातो, तेव्हा कुत्र्याचे धापणे नेहमीचे असते. मांजर तोंड उघडून धापू लागले तर ते उष्माघाताचे किंवा हृदय-फुप्फुसाच्या आजाराचे गंभीर लक्षण मानावे.

दवाखान्यात मांजर पोत्यात कोंबून नेण्यापेक्षा झाकणाच्या टोपलीत, आत जुने लुगडे अंथरून नेणे चांगले. घाबरलेल्या मांजराच्या रक्तातील साखर वाढते आणि तपासणीचा अर्थ लावणे अवघड होते. वैद्य प्रथम हिरड्या पाहतो. फिकट हिरड्या रक्तक्षय, पिवळ्या काविळ आणि तपकिरी विशिष्ट विषबाधा सुचवतात. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर ती सावकाश बसली, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजते. पोट चाचपणे, विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे व रक्तपेशींची मोजणी यांतून बहुतेक निदाने होतात. वजन केल्याखेरीज औषध देऊ नये. प्रौढ मांजर साधारण ३ ते ५ किलोचे असते आणि जनावरांची इंजेक्शने तीव्र असतात. खरजेवर वापरल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिनच्या १ टक्का द्रावणाची ३ किलोच्या मांजराची मात्रा अवघी ०.०६ मिलिलिटर भरते. ती मोठ्या सुईने अंदाजाने काढली, की चूक झालीच.

संसर्गजन्य आजारांत सर्वांत घातक पॅनल्युकोपेनिया होय. तो पार्व्हो गटातील विषाणूमुळे होतो. ताप, सततची ओकारी, दुर्गंधीयुक्त हगवण आणि पांढऱ्या पेशींची प्रचंड घट ही त्याची लक्षणे असून, पिल्लू पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसते पण पिऊ शकत नाही. एका वेतातील सगळी पिल्ले दोन-चार दिवसांत दगावली, की गावात कोणीतरी विष घातल्याचा संशय घेतला जातो. त्यामागे पुष्कळदा हाच विषाणू असतो. कुत्र्यांच्या पार्व्होसाठी मिळणाऱ्या विष्ठाचाचणीने त्याचे निदान होऊ शकते. विषाणूवर थेट औषध नाही. शिरेवाटे सलाईन, ओकारी थांबवणारी औषधे, दुय्यम संसर्गासाठी प्रतिजैविके आणि ऊब यांवर रुग्ण तगतो. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो व साध्या साबणाने मरत नाही. ब्लीचिंगचे द्रावण त्यावर चालते. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू करून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी लागते. शिंका, चिकटलेले डोळे व जिभेवरचे व्रण हे हर्पिस आणि कॅलिसी विषाणूंचे काम असून त्यांपासूनचे संरक्षणही याच संयुक्त लसीत असते.

बोक्याची लघवी अडणे ही दुसरी तातडीची अवस्था आहे. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने स्फटिक किंवा चिकट स्रावाचा बूच बसतो. बोका वारंवार कुंथतो, घरचे बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो. पूर्ण अडथळ्यात रक्तातील पोटॅशियम वाढून दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडू शकते. गुंगी देऊन बारीक नळी घालणे व सलाईन देणे हाच उपाय आहे.

विषबाधेचा विचार येथे सविस्तर करणे भाग आहे, कारण तिचा मोठा भाग टाळता येणारा असतो आणि काही वेळा ती उपचाराच्याच नावाने होते. पॅरासिटामॉल पचवणारे विकर मांजराच्या यकृतात अत्यल्प असते. तापासाठी दिलेली ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी होतात आणि चेहरा व पंजे सुजतात. त्यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा लवकर दिला तरच उपयोग होतो. जनावरांच्या गोचिडांसाठी वापरली जाणारी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधे पिसवांसाठी मांजराला चोळल्यास थरकाप व झटके येतात. गोठ्यात गाईला औषध लावल्यावर ते वाळेपर्यंत मांजराला दूर ठेवावे. काळे फिनाईलही त्याला विषारी आहे, कारण ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटते.

कपाशीवरील फवारणीच्या औषधांचा धोका विदर्भाला सांगायला नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी व शेतमजूर त्याने दगावले. सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधाने मांजराची लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात आणि श्वास कोंडतो. त्यावर ॲट्रोपीन हा प्राण वाचवणारा उपाय आहे. सायपरमेथ्रिनच्या गटात मात्र तो उतारा नव्हे, तेथे झटके आवरणारी औषधे व कोमट पाण्याने अंग धुणे उपयोगी पडते. म्हणून औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी दवाखान्यात सोबत नेणे आवश्यक आहे. उंदरांच्या विषातही असाच भेद आहे. ब्रोमाडिओलोनने काही दिवसांनी रक्तस्राव होतो व जीवनसत्त्व के-१ ने रुग्ण वाचू शकतो. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही.

त्वचारोगांत कानाच्या कडेपासून सुरू होणारी खरूज आणि गजकर्ण हे प्रमुख असून दोन्ही माणसाला लागू शकतात. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी होय. प्राझिक्वांटेलने तो जातो, पण पिसवा न हटवल्यास परत येतो.

आहाराकडे वैद्यही क्वचित लक्ष देतात. मांजराला टॉरिन हे द्रव्य मांसातूनच मिळते आणि त्याच्या अभावाने दृष्टी जाते व हृदय दुर्बळ होते. शाकाहारी घरातील दूध-पोळीवरचे मांजर उंदीर मारते तोवर निभावते. म्हाताऱ्या किंवा बांधून ठेवलेल्या मांजराला मासळी किंवा मांस द्यावे लागते. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर यकृतात चरबी साचून कावीळ होते, म्हणून आजारात उपवास पाडू नये.

रेबीजवर उपचार नाही. तीन महिन्यांनंतर मांजराला लस द्यावी, आणि मांजर चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यजीव बचाव केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या बर्ड फ्लूने मरण पावले आणि पुढे लगतच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही हा विषाणू आढळला. मांजरकुळाला तो लागतो, हे त्यावरून स्पष्ट आहे. कोंबड्या मरत असतील त्या काळात मांजराला कच्चे कोंबडीचे मांस किंवा मेलेली कोंबडी देऊ नये, आणि श्वास लागलेले किंवा झटके येणारे मांजर हाताळण्यापूर्वी पशुधन विकास अधिकाऱ्यास कळवावे.