छंदाचा खर्च आणि सणातले दान: पार्श्वभूमी

वर्षअखेरीच्या सणांत छंदाच्या वस्तूंवर सवलती जाहीर होतात आणि त्याच दिवसांत धर्मादाय संस्थांची आवाहनेही येऊ लागतात. ही ओढाताण आजची वाटली, तरी तिच्यावर तोडगा काढण्याचे प्रयत्न शंभराहून अधिक वर्षे चालू आहेत, आणि त्यांतले काही महत्त्वाचे प्रयत्न टपालाशी व तिकीटसंग्रहाशी जोडलेले आहेत.

१८९७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाचे निमित्त साधून, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीने क्षयरुग्णांच्या निवासाला मदत म्हणून दोन तिकिटे काढली. त्यांतले एक पेनीचे तिकीट एका शिलिंगला, म्हणजे दर्शनी किमतीच्या बारापट दराने विकले गेले. पत्रावर त्याचे मोल एका पेनीचेच होते. वरचे अकरा पेन्स हे दान. ज्याला आपला संग्रह पूर्ण हवा होता, त्याला ते टाळता येत नव्हते. दानाची ही सक्ती मला फारशी रुचत नाही. मात्र किती पैसे टपालाचे आणि किती मदतीचे, हे घेणाऱ्याला चटकन कळत होते, हा तिचा मोठा गुण मानला पाहिजे.

डेन्मार्कमधील टपाल कर्मचारी आयनार होल्बोल यांनी ही सक्ती काढून टाकली. नाताळच्या टपालाचे ढीग हाताळताना त्यांना सुचले की प्रत्येक पाकिटावर तिकिटाशेजारी एक स्वस्त, ऐच्छिक चिकटचित्र लावले गेले, तर त्या पैशांतून क्षयग्रस्त मुलांसाठी रुग्णालय उभे राहील. १९०४ च्या नाताळात पहिले ‘ख्रिसमस सील’ निघाले आणि त्याच हंगामात त्याच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. अमेरिकेत १९०७ साली एमिली बिसेल यांनी एका लहान क्षयरुग्णालयासाठी तीनशे डॉलर जमवण्याच्या हेतूने अशीच सील एकेका सेंटला विकायला काढली आणि त्याच्या सुमारे दहापट रक्कम जमली. पुढे ही सील जमवणे हाच अनेकांचा छंद झाला.

व्हिडिओ गेमच्या छंदात हीच वाट पुन्हा दिसते. २००३ साली गेमप्रेमींनी रुग्णालयांतील मुलांना खेळणी व गेम द्यावेत म्हणून ‘चाइल्ड्स प्ले’ ही संस्था सुरू झाली. २०१० मधील ‘हम्बल बंडल’ या गेमचे संच विकणाऱ्या उपक्रमाने तर, द्यायच्या रकमेतला किती वाटा निर्मात्यांना आणि किती संस्थांना जावा, हे ठरवणेही ग्राहकाच्याच हाती दिले, २०२१ पासून मात्र या मोकळिकीवर मर्यादा आल्या.

दुसरी परंपरा पैसे आधीच बाजूला काढण्याची आहे. १९०९ साली पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील एका बँकेने ‘ख्रिसमस क्लब’ सुरू केला. सभासदाने दर आठवड्याला थोडी रक्कम भरायची आणि नाताळाच्या तोंडावर ती एकदम उचलायची. ही योजना भेटवस्तूंच्या खरेदीसाठी होती, पण दानाचा आणि छंदाचा असे दोन स्वतंत्र हप्ते वर्षभर बाजूला टाकणाऱ्याची रीत तीच असते, आणि मला ती खरेदीतून होणाऱ्या दानापेक्षा अधिक भरवशाची वाटते. खरेदीतून होणारे दान खरेदीच्या इच्छेवर अवलंबून राहते. ज्या वर्षी मनासारखी वस्तू बाजारात येत नाही, त्या वर्षी गरजूंचा वाटाही आटतो.

२०१२ साली न्यूयॉर्कमधून सुरू झालेल्या ‘गिव्हिंग ट्यूजडे’ने दानाला वेगळा दिवस दिला, पण तो ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि ‘सायबर मंडे’ या अमेरिकेतील मोठ्या सवलतींच्या शुक्रवार आणि सोमवारनंतर येणारा मंगळवार आहे, त्यामुळे ज्याने दानाची रक्कम आधी काढून ठेवलेली नसते, त्याच्याकडे खरेदीनंतर उरेल तेवढेच त्या दिवशी द्यायला असते.