उणे चाळीस अंशांत थ्री नॉट थ्री

महाराष्ट्रात ‘थ्री नॉट थ्री’ म्हटले की पोलिसाच्या खांद्यावरची जड, लाकडी दस्त्याची रायफल आठवते. त्याच घराण्यातली ली-एनफील्ड नंबर 4 कॅनडाच्या आर्क्टिक भागात सुमारे 70 वर्षे रोजच्या कामावर होती. कॅनडाने 1947 मध्ये ‘कॅनेडियन रेंजर्स’ हे राखीव दल उभे केले. उत्तरेकडच्या तुकड्यांत बहुतेक जण इनुइट आणि इतर मूलनिवासी. सरकारने त्यांना गस्तीसाठी ही रायफल आणि दरवर्षी काडतुसे दिली आणि तीच रायफल कॅरिबूच्या, म्हणजे उत्तरेकडच्या रानटी हरणांच्या, शिकारीलाही निघू लागली. जिथे दुकानातले मांस विमानाने येते आणि त्याची किंमत परवडत नाही, तिथे शिकार हा घर चालवण्याचाच भाग असतो.

एवढ्या थंडीत ही जुनी रायफल टिकली, याचे मोठे कारण तिचा सैलपणा. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांकडे रॉस रायफल होती. ती अचूक होती, पण घट्ट बसणाऱ्या भागांची. खंदकातल्या चिखलात ती अडकू लागली आणि 1916 मध्ये तिच्या जागी ली-एनफील्ड आली. ली-एनफील्डच्या काडतूसघरात थोडी मोकळी जागा असते. काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा म्हणजे बोल्ट. त्याला कुलूप लावणारे उंचवटे, म्हणजे लग, मागच्या टोकाला असतात. माउझर पद्धतीच्या रायफलीत ते पुढे, काडतूसघराजवळ असतात. लग ज्या खाचेत अडकतात तिथे बर्फ बसला तर बोल्ट बंद होत नाही आणि आत बोटही पोहोचत नाही. इथे खाच मागे, डोळ्यांसमोर असते. बोल्ट साधारण 60 अंशच वर उचलावा लागतो, त्यामुळे जाड हातमोज्यांतही तो सहज चालतो. ट्रिगरचा ओढा दोन टप्प्यांचा आहे. पहिला लांब टप्पा संपल्याचे मोज्यातूनही कळते, म्हणून गोळी नकळत सुटत नाही.

खरा शत्रू थंडीपेक्षा पाणी आहे. उणे 40 अंशांच्या हवेत एका घनमीटरमध्ये जेमतेम 0.1 ग्रॅम बाष्प मावते. 20 अंशांच्या खोलीत निम्म्या आर्द्रतेलाही ते आठ ग्रॅमच्या वर असते. बाहेरून आणलेली रायफल अशा खोलीत ठेवली की चार किलोच्या गार धातू-लाकडावर दव धरते. ते बोल्टच्या आत, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत झिरपते. सकाळी रायफल बाहेर नेली की त्याचाच बर्फ होतो आणि काडतुसावर आदळून बार उडवणारी फायरिंग पिन जागेवर गोठते. उपाय साधा आहे: मोहिमेच्या दिवसांत रायफल घरात आणायचीच नाही. ती रिकामी करून, कुलूप लावून, गरम न केलेल्या पडवीत ठेवायची. आत आणावीच लागली तर बाहेर असतानाच हवाबंद पिशवीत घालायची आणि पूर्ण ऊबदार होईपर्यंत पिशवी उघडायची नाही. मग दव पिशवीवर धरते.

तेलाचेही तसेच. नेहमीचे बंदुकीचे तेल कडाक्याच्या थंडीत मधासारखे घट्ट होते. पिन पुढे जाते, पण सावकाश. काडतुसाच्या टोपीवर उथळ खळगा पडतो आणि बार होत नाही. म्हणून हिवाळ्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करून मॅगझीन आणि बोल्ट काढतात, बोल्टचे डोके आटे फिरवून सोडवतात आणि बोल्टच्या पोकळीत स्टोव्हचे पांढरे पेट्रोल घालून जुने वंगण धुऊन काढतात. हे उघड्यावर आणि ज्योतीपासून लांब करायचे. पूर्ण वाळल्यावर रायफल कोरडीच ठेवायची, फार तर लगवर थोडी ग्रॅफाइटची पूड. कोरड्या पोलादाला गंज लवकर धरतो, त्यामुळे उन्हाळ्यात होडीतून समुद्रावर जाताना पुन्हा तेल लागते.

बोल्ट परत बसवताना तो त्याच रायफलीचा आहे ना, हे बोल्टवरचा आणि रायफलीवरचा क्रमांक जुळवून पाहावे. बोल्टच्या डोक्यांची 0 ते 3 अशी लांबीची मापे आहेत. दोन मापांत फरक असतो तो 0.08 मिलिमीटरच्या आसपास, पण काडतुसामागची जागा त्यानेच ठरते. जागा जास्त झाली तर पुंगळी ताणली जाऊन बुडाजवळ फाटू शकते. टोरांटोजवळच्या लाँग ब्रांच कारखान्यात बनलेल्या ‘मार्क 1 स्टार’ रायफलींत आणखी एक ठिकाण तपासायचे असते. बोल्टचे डोके ज्या रुळावरून सरकते, त्यात बोल्ट बाहेर काढण्यासाठी एक खाच आहे. तिची कड झिजली किंवा टवका उडाला, तर बोल्टचे डोके भलत्या वेळी रुळावरून उसळून वर येते.

.303 च्या काडतुसाला बुडाशी कड असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे यायला हवी. उलटे झाले तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट पुढे सरकत नाही. बर्फात, मोजे घालून ही अडक सोडवणे त्रासाचे, म्हणून मॅगझीन घरीच नीट भरून घ्यावे. स्लेज किंवा स्नोमोबाइलवर मात्र भरलेले मॅगझीन वेगळे आणि रायफल रिकामीच असली पाहिजे. तिथले हादरे तासन्‌तास चालतात आणि त्यांनी स्क्रूही ढिले होतात. उडालेला बर्फ नळीत शिरू नये म्हणून तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावतात. गोळीच्या पुढे ढकलली जाणारी हवा तो आधीच उडवते, त्यामुळे नेमावर परिणाम होत नाही. नळीत बर्फ असताना गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. नळी साफ करायला फुंकर कधीच मारू नये. श्वासातली वाफ आत गोठते.

नेमाचे गणितही बदलते. उणे 40 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 24 टक्के दाट असते आणि गार बारूद मंद जळते, म्हणून गोळीचा वेग घटतो. 100 मीटरवर हा फरक जाणवत नाही. तिथे चूक होते ती वेगळीच. नेम धरायच्या मागच्या साइटचे झटपट वापरायचे मोठे भोक 300 यार्डांसाठी आखलेले आहे. त्यातून 100 मीटरवर नेम धरला तर गोळी साधारण 15 सेंटिमीटर वर लागते. कॅरिबूच्या छातीत ती कशीबशी बसेल, सीलच्या डोक्यावरून मात्र निघून जाईल. म्हणून बारीक साइट 200 यार्डांवर ठेवून, आपल्याच काडतुसांनी, त्याच थंडीत नेम तपासावा. या साइटला काच नाही, त्यामुळे तिच्यावर वाफ धरत नाही.

दस्त्याचे लाकूड कापून रायफल हलकी करण्याचा मोह टाळलेला बरा. नंबर 4 मध्ये पुढचे लाकूड नळीला तोंडाजवळ खालून एक ते तीन किलोचा दाब देते आणि नळीचे कंपन त्या दाबाशी जुळवलेले असते. लाकूड कापले की तो दाब जातो आणि गोळ्या विखुरतात.

गोळी निवडताना लष्करी काडतूस शिकारीला नको. त्यातल्या गोळीचे पूर्ण धातूचे आवरण तिला फारसे पसरू देत नाही. ती आरपार जाते आणि जखमी जनावर दूर निघून जाते. कॅरिबूला साडेअकरा-बारा ग्रॅमची मऊ टोकाची गोळी योग्य. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात 1890 च्या दशकात .303 साठीच अशी पसरणारी गोळी बनली आणि 1899 च्या हेग परिषदेने युद्धात तिच्या प्रकाराला मनाई केली. शिकारीत मात्र तीच जनावराला लवकर मरण देते. सीलसाठी .303 गरजेपेक्षा जास्त ताकदीची आहे, कातडे आणि मांस वाया जाते. तिथे .22 सारखी हलकी रायफल आणि डोक्यावर नेम बरा. उन्हाळ्यात चरबी पातळ असते आणि वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी वर तरंगते, त्यामुळे मारलेला सील पटकन बुडतो. हार्पून हाताशी नसेल तर गोळी झाडूच नये.

ली-एनफील्डला अखेर मागे सारले ते सुट्या भागांच्या टंचाईने. 2018 पासून रेंजर्सना सी-19 मिळू लागली. फिनलंडच्या टिक्का टी-3-एक्सवर आधारलेली ही रायफल कॅनडातच बनते आणि .308 काडतूस वापरते. तिचा दस्ता लाल आहे, म्हणजे बर्फात पडली तरी दिसते. बोल्टची मूठ मोठी आहे आणि ट्रिगरभोवतीची कमान हातमोजा मावेल इतकी रुंद. भोकाची साइट, 10 काडतुसांचे मॅगझीन आणि हाताने चालवायचा बोल्ट मात्र नव्या रायफलीतही ठेवले आहेत.